सल्ला हवा: नवरा-बायको मिळून हाफ आयर्नमॅनची तयारी (बडोदे), सायकलींचं बजेट ८० हजार

मांजलपूरची_सून

नमस्कार. इथे बरेच दिवस नुसती वाचते आहे, विचारायची वेळ आज आली.

मी ४१, नवरा ४४. राहतो बडोद्यात, मांजलपूरला. वडोदरा मॅरेथॉनमध्ये दोघंही २१ किमी पळालो आहोत, मी साधारण अडीच तासांत, नवरा दोन तास दहा मिनिटांत. आता गोव्याची हाफ आयर्नमॅन दोघांनी एकाच दिवशी करायची असं मनात घेतलंय. समुद्रात १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल, मग २१.१ किमी पळणं. हातात दहा-अकरा महिने आहेत.

घरची परिस्थिती: नवऱ्याकडे जुनी हायब्रिड सायकल आहे, माझ्याकडे काहीच नाही. त्याला पोहता येतं, आजोळी नदीत शिकलाय. मला तलावाच्या कठड्याला धरून पाय मारण्यापलीकडे येत नाही. मुलगी तिसरीत. सासूबाई घरी असतात, पण त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे मुलीला सकाळी बसपर्यंत सोडायला दोघांपैकी एक जण लागतोच. नवऱ्याची मकरपुऱ्याला शिफ्ट, माझं ऑफिस अलकापुरीत दहा ते सहा.

विचारायचंय ते असं. ८० हजारांत, हेल्मेट धरून, दोन नवीन सायकली घ्याव्यात की सेकंडहँड? प्रौढ बाईला फ्रीस्टाइल शिकायला बडोद्यात कुठे जावं? आणि आमचा वेग वेगळा असताना सराव एकत्र करावा की वेगवेगळा? उंची सांगून ठेवते: मी ५ फूट २, तो ५ फूट १०.

सायकलवारी

ताई, अभिनंदन, उत्तम निर्णय. पण ८० हजारांत दोन हे डोक्यातून काढून टाका. स्वस्त सायकल घेणारे सगळे दोन वर्षांत दुसरी घेतात आणि पैसे दोनदा जातात. मी सरळ कार्बन घेतली, शिमानो १०५ डीआय२ (इलेक्ट्रॉनिक गिअर), ट्यूबलेस चाकं. तीन लाखांच्या वर गेले, पण सकाळी सिंधरोट रोडला कोणी माझ्या पुढे जात नाही. बटण दाबलं की गिअर पडलाच. एका सायकलीला किमान दीड लाख धरा. क्लिपवाले पेडल आणि शूज त्यात नाहीत, ते वेगळे.

फिरती_नोकरी

पोहायचं काही खरं नाही बडोद्यात. मी एका तलावाची वर्षाची फी एकदम भरली आणि ऐन मे महिन्यात ‘दुरुस्तीसाठी बंद’ अशी पाटी लागली. पैसे परत नाहीत, मुदत वाढवून मिळाली नाही, अर्ज मात्र दोनदा लिहून घेतला. तलाव उघडा असतो तेव्हाही एका लेनमध्ये दहा-बारा माणसं, आणि पोरं मधूनच आडवी जातात. वर्षाचे पैसे कुठेही भरू नका, महिन्याचेच भरा.

सायकलीचं वर लिहिलंय तेच. स्वस्त घेऊ नका.

पुणेरी_पेडल

बजेट ८० आहे म्हटल्यावर दीड लाखाची शिफारस कशाला? सेकंडहँड घ्या, आणि ती पुण्याहून घ्या. इथे लोक हौसेने घेतात आणि वर्षभर गॅलरीत उभ्या ठेवतात. घेताना चार गोष्टी बघा. चेन किती ताणली आहे ते मापकाने मोजून घ्या, पाऊण टक्क्याच्या पुढे असेल तर चेन आणि मागची कॅसेट (मागच्या चाकाचा दातेरी चकत्यांचा संच) दोन्ही बदलावे लागतात. खालच्या नळीला आणि हँडलच्या सांध्याला बोटाने चाचपून तडा शोधा. चाक उचलून फिरवा, ब्रेकपाशी डुलतं का बघा. आणि सीटची दांडी बाहेर येते ना ते बघाच, गंजून आत अडकलेली दांडी काढणं फार त्रासाचं काम आहे.

बाकी बडोदं सपाट आहे, तिथल्या सरावावर फार विसंबू नका. गोव्याचा सायकल मार्ग चढउतारांचा आहे. आमच्याकडे कात्रज आणि सिंहगड आहेत म्हणून आमचे लोक तिथे टिकतात.

सायकलवारी

सपाट रस्ता म्हणजे सोपा रस्ता नव्हे. उतारावर तुम्ही पाय थांबवता, आम्हाला तीन तास पेडल मारत राहावंच लागतं. त्यात मे-जूनमध्ये पश्चिमेचा वारा समोरून आला की चढापेक्षा वाईट. आणि चढ हवाच असेल तर अटल पूल आहे, गेंडा सर्कल ते मनीषा चौकडी साडेतीन किलोमीटर, पहाटे रिकामा असतो. पावागढला माचीपर्यंतचा घाटही आहे.

पुणेरी_पेडल

पुलाच्या चढाला घाट म्हणता येत नाही.

निळाई

सायकलीचं चालू द्या, मी पोहण्याबद्दल लिहिते. मी शेहेचाळिसाव्या वर्षी शिकले, तोवर घोट्याच्या वर पाण्यात गेले नव्हते.

लालबाग आणि सरदारबाग हे दोन्ही पालिकेचे तलाव आहेत, क्लबपेक्षा पुष्कळ स्वस्त. महिलांच्या बॅचची चौकशी तिथे जाऊन समोरासमोर करा, फोनवर नीट कळत नाही. गटात शिकू नका. सुरुवातीचे दोन-तीन महिने तरी एकटीसाठी शिकवणारी व्यक्ती घ्या, सायकलीतून पैसे कापावे लागले तरी घ्या.

आणि पहिल्या दिवसापासून हे करा. नवीन माणूस तोंड पाण्यात गेलं की श्वास कोंडून धरतो. मग मान वळवली की त्या निमिषात सोडायचाही असतो आणि घ्यायचाही, दोन्ही पुरे होत नाहीत, चौथ्या हाताला छाती भरून येते आणि आपल्याला वाटतं स्टॅमिना नाही. स्टॅमिना असतो. पाण्याखाली नाकातून बुडबुडे सोडत राहायचं, सावकाश, मान वळेपर्यंत छाती रिकामी झालेली हवी, आणि वर फक्त घ्यायचं. उथळ पाण्यात उभं राहून, कंबरेतून वाकून, हात न हलवता नुसतं हेच केलंत तरी पुढचं अर्धं काम होतं.

एक आणखी. नवऱ्याकडून शिकू नका. नदीत शिकलेला माणूस चांगलं पोहतो, पण ते कसं येतं हे त्याला सांगता येत नाही.

फिरती_नोकरी

नवऱ्याने शिकवलं तर काय बिघडलं? मी बायकोला मीच शिकवलं. फुकटात झालं.

निळाई

तुमच्याकडे जमलं याचा आनंद आहे. पोहण्याच्या तासानंतर दोघांना एकाच स्कूटरवर घरी यायचं असतं, म्हणून मी तिसरा माणूस घ्या म्हणते.

मही_काठ

तलावात पैसे घालण्यापेक्षा मोकळ्या पाण्यात जा. सिंधरोटला मही नदी आहे, आजवा सरोवर आहे. शेवटी समुद्रातच पोहायचंय ना, मग तलावाची सवय कशाला लावायची?

समुद्रगामी

मही_काठ, कृपया असा सल्ला देऊ नका. विश्वामित्रीतल्या मगरी सगळ्यांना ठाऊक आहेत, पण आजव्यातही मगरी आहेत आणि महीतही. २०२४च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा त्या वस्त्यांमध्ये शिरल्या होत्या, हे इथल्या प्रत्येकाने पाहिलंय. बडोद्याच्या आसपास मोकळ्या पाण्यात सराव नाही म्हणजे नाही. जवळचा समुद्र म्हणून कोणी खंभातच्या आखाताकडेही बोट दाखवू नये. तिथे भरती-ओहोटीचा फरक प्रचंड, पाणी ओढतं आणि काठाला चिखल.

मी गोव्याची शर्यत पूर्ण केली आहे. सविस्तर लिहितो, रात्री वेळ काढून.

मही_काठ

आमचे काका महीत रोज पोहायचे, त्यांना कधी काही झालं नाही.

व्यायामशाळा_दांडियाबाजार

बडोद्याला शरीर कमवायचं कुणी पुण्याहून येऊन शिकवायला नको. जुम्मादादा व्यायाम मंदिर इथे, प्रो. माणिकराव इथले. आम्ही लहानपणी मलखांब केला, जोर-बैठका मारल्या, विहिरीत सूर मारले, घड्याळ किंवा पॉवर मीटर कुणाकडे नव्हतं. सूनबाई, रोज सूर्यनमस्कार घाला, दोघांनी मिळून घाला. खांदे मोकळे होतील, ते पोहायला कामी येतील. पाठ आणि पोट मजबूत असेल तर माणूस सायकलीवर चार तास वाकून बसू शकतो. आजची मुलं पाय तेवढे कमावतात आणि पाठीने हरतात.

वयाच्या बाहत्तराव्या वर्षी मी अजून रोज सकाळी कमाटीबागेला तीन फेऱ्या मारतो. एकही गोळी नाही.

अकोटा_जोडी

आम्ही नवरा-बायको दोघांनीही केली आहे, पण एकाच वर्षी नाही. अनुभवावरून सांगतो: या वर्षी एकाने करा, पुढच्या वर्षी दुसऱ्याने. आठवड्याला दहा-बारा तास सराव दोघांचा म्हणजे घरातून वीस-चोवीस तास जातात. मूल आठ वर्षांचं. घरात एक जण ताजातवाना लागतोच, नाहीतर रविवारी दुपारी दोघंही झोपलेले आणि पोर टीव्हीसमोर. पहिल्या वर्षी मिस्टरांना करू द्या, त्यांना पोहता येतं. तुम्ही तोवर शिका.

फिरती_नोकरी

+१. एकेकाने करा.

गायकवाडी

+१. किंवा रिले करा. ते पोहतील आणि सायकल चालवतील, तुम्ही पळा. पदक मिळतं, फोटो मिळतो, दोघांचं नाव लागतं.

कोल्हापुरी_रांगडा

रिले-बिले काय सांगताय ताईंना! आमच्या कोल्हापुरात घराघरांत आयर्नमॅन झालेत, शेतातनं आलेली पोरं फुल करून आलीत. वहिनी, नाद करा. दोघांनी करा, एकाच दिवशी करा. खाण्याकडं लक्ष द्या तेवढं. सायकलीवर तासाला साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत, आणि ती सरावातच खाऊन पाहिली पाहिजेत. मला जेल सोसत नाही. मी खजूर, चिक्की आणि बाटलीत लिंबू-साखर-मीठ यावरच सगळं केलं. तुमच्याकडं ती सुखडी मिळते की, छोट्या वड्या करून खिशात ठेवा.

जर्सीसिटी

दोघांनी चांगला वेटसूट घ्या. मी इथे सरोवरात वेटसूटशिवाय उतरतच नाही. तरंगायला फार मदत होते, विशेषतः नवीन पोहणाऱ्यांना. दोघांचे मिळून चाळीस हजारांत बसतील.

समुद्रगामी

जर्सीसिटी, तुमच्याकडचं पाणी थंड असतं. पाणी २४.५ अंशांच्या वर असलं की वेटसूटवर स्पर्धेचे निर्बंध लागतात, आणि गोव्याचा समुद्र त्याहून बराच गरम. ताई, वेटसूटवर एक रुपया घालू नका.

आता मुद्द्याचं लिहितो. जोडीने सराव करणाऱ्यांना वेळेच्या मर्यादांचा हिशोब कोणी मांडून दाखवत नाही, तो आधी बघा. पोहणं १ तास १० मिनिटांत, सायकल संपेपर्यंत सुरुवातीपासून साडेपाच तास, सगळं मिळून साडेआठ तास.

पोहणं: ७० मिनिटांत १.९ किमी म्हणजे १०० मीटरला ३ मिनिटं ४० सेकंद. हा वेग संथ आहे, पण न थांबता हवा. २५ मीटरच्या तलावात ७६ लांब्या होतात. तलावात ६० मिनिटांत जमलं की समुद्रातल्या लाटांसाठी दहा मिनिटं हातात राहतात.

सायकल: पोहायला ६५ मिनिटं आणि कपडे-बूट बदलायला १० धरली तर सायकलीला सव्वाचार तास उरतात. ९० भागिले सव्वाचार, म्हणजे ताशी २१. पस्तीसची सरासरी तुम्हाला नको आहे.

पळणं: नंतर पावणेतीन तासांहून थोडं जास्त उरतं, म्हणजे आठ मिनिटांचा किलोमीटर. तुम्ही अडीच तासांत पळता. थकलेल्या पायांनी आणि उन्हात वीस मिनिटं वाढली तरी आत बसता.

म्हणजे या जोडीचा खरा प्रश्न एकच आहे: तुमचं पोहणं. पैसा आणि पहाटेचा वेळ तिकडे आधी लावा.

दुसरं, शर्यतीत एकमेकांच्या मागे सायकल चालवता येत नाही. पुढच्याच्या चाकामागे लपून वारा वाचवला तर दंड होतो, १२ मीटर अंतर ठेवावं लागतं. त्यामुळे नवरा पुढे आणि तुम्ही त्याच्या मागे असा सराव केलात तर तिथे एकटं पडल्यावर वेग पडेल. स्वतःची सायकल किंवा चाक दुसऱ्याला देऊन टाकणंही चालत नाही. पंक्चर तुमचं तुम्हालाच काढता यायला हवं. घरात बसून, घड्याळ लावून, दोघांनी मागच्या चाकाचं पंक्चर काढायची सवय करा. आपल्याकडच्या हायवेला काच कमी, ट्रकच्या फुटलेल्या टायरच्या तारा जास्त. केसाइतकी बारीक तार रबरात रुतून बसते. डोळ्याला दिसत नाही. आतून बोट फिरवून सापडली नाही तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत बसते. तार काढायला छोटा चिमटा जवळ ठेवा.

समुद्राचं: शर्यतीचं पोहणं पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर असतं, तिथे पाणी गढूळ असतं, हात पुढे टाकला की पंजा दिसत नाही. तलावात तळाची काळी रेघ बघून सरळ जायची सवय असते, ती तिथे नाही. दर आठ-दहा हातांनी डोळे पाण्यावर काढून पुढचा बोया (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) शोधायचा. हे तलावातही करता येतं, गार्डच्या खुर्चीकडे बघून. आणि शर्यतीच्या चार-पाच दिवस आधी गोव्याला पोहोचा, रोज सकाळी जीवरक्षक असतील त्या पट्ट्यात उतरा.

पुणेरी_पेडल

उत्तम प्रतिसाद. आयडियाज गोळा झाल्या. सेकंडहँडचा मुद्दा मात्र कायम आहे.

डॉ_रावपुरा

वर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. सुरुवातीलाच दोघांनी तपासणी करून घ्या, चाळिशीनंतर हृदयाचा आलेख आणि रक्तदाब बघितलाच पाहिजे. ताईंनी हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासावं. हिमोग्लोबिन बरं दिसतं पण लोहाचा साठा रिकामा असतो, असं बायकांमध्ये फार आढळतं, आणि मग सराव वाढला की ‘का थकते आहे’ ते कळत नाही. लोहाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका.

उन्हाळ्याबद्दल: बडोद्यात मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो. पहाटे पाचला निघून आठच्या आत घरी या. नुसतं पाणी तासन्तास पीत राहणंही घातक, रक्तातलं सोडियम उतरतं. बाटलीत मीठ हवं. चक्कर, मळमळ, घाम येणं थांबणं, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबा आणि सावलीत जा. जोडीदार सोबत असल्याचा खरा फायदा इथे आहे, दुसऱ्याचा चेहरा आधी कळतो.

गायकवाडी

रविवारी सायकलिंगनंतर सेव उसळ खायची की नाही, यावरही डॉक्टरांनी लिहावं.

डॉ_रावपुरा

खा. तीन तास सायकल चालवल्यावर मीठ, कर्बोदकं आणि उसळीतलं प्रोटीन सगळंच लागतं. तर्री कमी घ्या, लगेच पळायचं असेल तर मुळीच नको.

व्यायामशाळा_दांडियाबाजार

दूध-केळं घ्या. सेव उसळ नंतर.

इतिहास_बडोदे

जोडीचा विषय निघालाय म्हणून सांगतो, हा खेळ एका नवरा-बायकोनेच उभा केला. जॉन आणि ज्युडी कॉलिन्स. १९७४ साली सॅन डिएगोला मिशन बे ट्रायथलॉनमध्ये दोघांनी भाग घेतला, पुढे नोकरीनिमित्त हवाईला गेले आणि तिथे पोहण्याची, सायकलीची आणि मॅरेथॉनची अशा तीन वेगळ्या स्पर्धांची अंतरं एकत्र जोडली. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी ओआहू बेटावर पहिली शर्यत झाली. १५ जणांनी सुरुवात केली, १२ जणांनी पूर्ण केली. मला ही गोष्ट फार आवडते, कारण पहिल्या शर्यतीमागे ना मोठी कंपनी होती ना बक्षीस.

फिरती_नोकरी

याचा ताईंच्या प्रश्नाशी काय संबंध?

मांजलपूरची_सून

मला संबंध वाटतो. नवऱ्यालाही वाचून दाखवलं.

सगळ्यांचे मनापासून आभार. बजेट खरोखर ८० हजारच आहे, ते वाढणार नाही. मुलीची फी, सासूबाईंच्या गुडघ्यांचे उपचार आणि गोव्याचा खर्च हे सगळं त्याच्या बाहेर उभं आहे. समुद्रगामी, तुमचा हिशोब मी वहीत उतरवून घेतला. वेगवेगळ्या वेगाच्या दोघांनी एकत्र कसं निघायचं, यावर कोणी सांगू शकेल का?

सायकलवारी

क्लिप पेडल मात्र घ्याच.

अकोटा_जोडी

मी बायको लिहिते आहे, वरचा प्रतिसाद मिस्टरांचा होता. एकत्र निघायचं तर अंतर ठरवू नका, वेळ ठरवा. दोघं एकदम निघा, आपापल्या वेगाने जा, दीड तास झाला की असाल तिथून वळा. तो पुढे गेलेला असतो, तुम्ही मागे. परतीला दोघंही घरी साधारण एकाच वेळी पोहोचता, वाटेत कुणी कुणासाठी थांबत नाही, आणि परतीला तो तुमच्या मागून जवळजवळ येत असतो. डभोई रोडला आम्ही हेच करतो. पुढे तयारी झाली की केवडियापर्यंत जाऊन या, जाऊन-येऊन १८० च्या आसपास होतात, म्हणजे फुल आयर्नमॅनची सायकल.

पळताना तो सवापट अंतर करतो, मी माझं. तलावात काही अडचणच नाही, शेजारच्या लेनमध्ये पोहा.

सायकलीचं एकच: ५ फूट २ आणि ५ फूट १० यांना एक सायकल चालत नाही. सीट खाली केली तरी हँडल लांबच राहतं. माझ्या हाताची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट मोठ्या फ्रेमवर महिनाभर बधिर होतं, लहान फ्रेम आल्यावर थांबलं. सेकंडहँडमध्ये बायकांच्या मापाच्या रोड बाइक मिळणं अवघड, वाट बघत बसाल.

आणि सायकल गोव्याला पाठवणार असाल तर मागच्या गिअरची हँगर ही छोटी पट्टी जादाची बरोबर ठेवा. आमची सायकल एका वाहतूकदाराने खोक्यावर ओझं ठेवून आणली, पट्टी वाकली, गिअर चाकात जायला लागला. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी पणजीत शोधत फिरलो. प्रत्येक मॉडेलची पट्टी वेगळी असते, तिथे मिळाली नाही, शेवटी एका मेकॅनिकने हाताने सरळ करून दिली.

पुणेरी_पेडल

बायकांच्या मापाची पुण्यात मिळते. थोडा धीर धरा.

मांजलपूरची_सून

आमचं ठरलं. बऱ्याच जणांच्या सल्ल्याविरुद्ध जातंय, पण इतका वेळ देऊन लिहिलंत म्हणून कारणांसह सांगते.

नवीन सायकल एकच, माझ्यासाठी, सगळ्यात लहान मापाची, साधी अॅल्युमिनियमची रोड बाइक. काल दुकानात बसून पाहिली, कोपर किंचित वाकलेलं राहतं, खांदे कानाशी येत नाहीत. चाळीसच्या आत बसते आहे. नवरा जुन्या हायब्रिडवरच करणार. तिला बारीक, गुळगुळीत टायर, नवी चेन, नवे ब्रेक पॅड आणि हँडलच्या टोकांना बुचं, एवढंच. ताशी २१ च त्याला लागते आणि तो आत्ताही दोन तास २३ ने चालवतो. क्लिप पेडल या वर्षी नाहीत.

उरलेले सगळे पैसे माझ्या पोहण्यात. लालबागला चौकशी करून आले, सुरुवातीला एकटीसाठी शिकवणाऱ्या बाई मिळाल्या आहेत. निळाई, बुडबुड्यांचं त्यांनीही पहिल्याच दिवशी सांगितलं.

करणार दोघं, एकाच दिवशी. रिले नाही आणि एक वर्ष तो, एक वर्ष मी असंही नाही. अकोटा_जोडी, तुमच्याकडे दुसरं वर्ष आलं, मला त्याचा आनंद आहे. आमच्याकडे मुलगी झाल्यापासून ‘पुढच्या वर्षी तू’ असं ज्या ज्या गोष्टीला म्हटलं गेलं, ती माझ्या वाट्याला आलेली नाही. यात कुणाची वाईट भावना नव्हती, पण घर असंच चालतं आणि ते मला माहीत आहे. नवऱ्याला हे मी स्पष्ट बोलले. सोम-बुध-शुक्र पहाट माझी, तेव्हा मुलीचा डबा आणि बस त्याच्याकडे. मंगळ-गुरु त्याची. रविवारी सासूबाईंकडे मुलगी आणि आम्ही दोघं रस्त्यावर, दीड तासाला वळायचं.

एक अट घातली आहे. पावसाळा संपेपर्यंत मला १.९ किमी न थांबता पोहता आलं नाही, तर दोघंही या वर्षी जाणार नाही. हे त्याने आपणहून म्हटलं.

गायकवाडी

रिले सोपा पडला असता, पण शुभेच्छा.

सायकलवारी

हायब्रिडवर ९० किमी, तेही गोव्याच्या चढांवर, हे मला अजिबात पटलेलं नाही. सरळ हँडलवर वाऱ्यात छाती उघडी राहते, मनगटं भरून येतात. निदान हँडलच्या टोकांना शिंगं लावून घ्या, हात बदलायला जागा मिळते. माझ्याकडे २८ मिलिमीटरचे दोन टायर पडून आहेत, फार वापरलेले नाहीत. रिमवर बसतात का बघून घेऊन जा, पैसे नकोत.

निळाई

फार बरं वाटलं वाचून. पन्नास मीटर न थांबता झालं की इथे लिहा.

मही_काठ

पोहण्याच्या शिकवणीला इतके पैसे म्हणजे मला जास्तच वाटतात.

ग्वाल्हेरचा_जावई

धागा फार उपयोगी. आम्हीही दोघं सुरू करतोय, ग्वाल्हेरला. ३५ हजारांत दोन सायकली बसतील का?

पुणेरी_पेडल

सेकंडहँड बघा. चेन मोजून घ्या.

मांजलपूरची_सून

सायकलवारी, टायर घ्यायला नवरा शनिवारी येईल, शिंगांचंही बघतो म्हणाला. आणि बडोद्यातले कोणी येणार असाल तर येत्या रविवारी पहाटे पाचला कपुराई चौकडीपासून डभोईच्या दिशेने निघतोय. मागचा लाल दिवा आणि जादा ट्यूब प्रत्येकाने आपली आणावी.

अकोटा_जोडी

आम्ही दोघं येतो. तो पुढे जाईल, मी तुमच्याबरोबर.